डांबऱ्याला काय वाढायचं?

फोन ठेवला आणि वहिनी गिरणीच्या ओट्यावर मटकन बसल्या. दुसऱ्याच क्षणी ताडकन उठल्या, कारण बसून राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"अहो, बंद करा ती घरघर! भाऊजींचा फोन होता!"

गिरणी थांबली. दादा बाहेर आले, पापण्यांपासून चपलांपर्यंत पांढरे. धाकटा भाऊ यांना दादा आणि वहिनी म्हणायचा, म्हणून सगळं गावही तेच म्हणायचं. नावं असतील त्यांना, पण ती विचारतो कोण?

"काय म्हणतो धाकटा?"

"रस्त्याचं काम संपलं की येतायत. आणि तोवर डांबऱ्याच्या अंगावर केस आले नाहीत, तर त्याला शहरात घेऊन जाणार म्हणाले. तिथे दवाखाने आहेत, दुकानं आहेत. इथे तुम्ही त्याला काय खायला घालणार, म्हणाले."

"मग नेऊ दे की," दादा म्हणाले. "कुत्र्याला कसले आलेत चोचले! आमच्या लहानपणी कुत्री उरलंसुरलं खायची आणि वाघासारखी फिरायची."

असं म्हणून ते आत गेले. डांबऱ्या शेपूट हलवत त्यांच्या मागे गेला.

हा धाकटा रोड रोलर चालवतो. दुनियेचे रस्ते गुळगुळीत करतो आणि त्याच्या स्वतःच्या गावच्या रस्त्याला मात्र इतके खड्डे, की कुरियरवाला फाट्यावरूनच हात जोडतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकदा कामावर खडीच्या ढिगामागे त्याला एक पिल्लू सापडलं. ताज्या डांबरासारखं काळं, चकचकीत. नाव काय ठेवायचं याचा त्याने फार विचार केला नाही. पुढच्या कामावर कुत्रं चालणार नव्हतं, म्हणून "थोडे दिवस सांभाळा" असं सांगून तो डांबऱ्याला इथे सोडून गेला.

थोड्या दिवसांचं वर्ष झालं. वहिनींना दिवसभर बोलायला कोणीतरी लागायचं, आणि दादांचे कान गिरणीने कधीच निम्मे करून टाकले होते. डांबऱ्या मात्र मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकायचा. भाजी निवडताना, पावाचं पीठ मळताना, कपडे वाळत घालताना वहिनी त्याला सगळ्या गावाच्या बातम्या सांगायच्या आणि त्याने एकही बाहेर फोडली नाही. असा श्रोता गेला तर आपल्याला वेड लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण गेल्या काही महिन्यांत त्याला काहीतरी झालं होतं. शेपटीपाशी टक्कल पडलं, कान लाल झाले, बरगड्या दिसायला लागल्या. दिवसभर आपला खाजवतोय. आणि वहिनींनी काल कौतुकाने त्याचा नव्या ताटलीसकट फोटो काढून धाकट्याला पाठवला. ताटली राहिली बाजूला, त्याला टक्कलच दिसलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"ठीक आहे," वहिनी त्या रिकाम्या ओट्याला म्हणाल्या. "काय खायला घालणार ते दाखवतेच आता."

आणि त्यांना भलताच हुरूप चढला.

गावात कुत्र्याचं तयार खाणं एकाच ठिकाणी मिळायचं, सवलतशेठच्या दुकानात. शेठचं खरं बारसं काय झालं होतं देव जाणे, पण काडेपेटी घेतली तरी तो सवलत जाहीर करायचा. त्याच्याकडे साबणांच्या शेजारी एक उघडं पोतं होतं. त्याच्यावर हिरव्या कुरणात उडी मारणारा सोनेरी केसांचा कुत्रा, आणि कोपऱ्यात मांसाचा एवढा मोठा तुकडा.

"एकदम उंची माल आहे, वहिनी," शेठ म्हणाला. "तुमच्यासाठी खास सवलत. वर एक साबण फुकट."

"साबण कुत्र्याला की मला?"

"जो घाण असेल त्याला!"

वहिनींनी पिशवी भरून माल घेतला. डांबऱ्याने ताटली चाटून लख्ख केली. वहिनी हरखल्या, मावशींना हाक मारून दाखवलं. या मावशी म्हणजे शेजारच्या कोंबडीवाल्या, त्यांच्याकडे खुराड्यावर राखणीला दोन कुत्री होती. "खातोय बघा कसा!" वहिनी म्हणाल्या. आठवडा गेला. डांबऱ्या खात होता आणि दुप्पट खाजवत होता. टक्कल शेपटीवरून पाठीवर सरकलं.

"यात आहे तरी काय?" वहिनींनी एक दाणा उचलून दादांच्या नाकासमोर धरला.

आता, दुसरं कोणी असतं तर त्याने वास घेतला असता, पाण्यात भिजवून पाहिलं असतं. पण गिरणीवाल्याला कशाचीही शंका आली की तो एकच करतो. दळतो. दादांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली आणि सरळ छोट्या गिरणीच्या तोंडात रिकामी केली.

पीठ खाली आलं. दादांनी चिमूट घेतली, अंगठ्यावर घासली, उजेडात धरली. तेवढ्यापुरते ते कुत्र्याचे चोचले वगैरे विसरले होते.

"कोंडा," ते म्हणाले. "मका. गहू. आणि वरून रंग आणि मटणाचा नुसता वास."

"आणि मांस? पोत्यावर आहे ना?"

"ते पोत्यावरच आहे."

वहिनींनी टाळी वाजवली. चोर सापडल्याचा आनंद काही औरच असतो! त्या आनंदात एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. असलं काही दळलं, की मागून मूठ-दोन मुठी टाकाऊ धान्य दळून गिरणी साफ करायची असते. ते राहिलं. त्यानंतर लगोलग तिघांचं दळण झालं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरीणबाई तणतणत आल्या, त्यांच्या घरच्या पावाला मटणाचा वास येत होता. पोस्टमनच्या बायकोची तर वरातच निघाली होती. ती पिठाची पिशवी घेऊन घरी निघाली तेव्हा गावातली झाडून सगळी कुत्री तिच्या मागे शिस्तीत चालली होती. तिसरे एक पेन्शनर आजोबा होते. त्यांनी मात्र हळूच विचारलं, "तसलंच पीठ अजून मिळेल का?"

दादांनी दिवसभर गिरणी उघडून घासली. रात्री जेवताना म्हणाले, "नेऊ दे धाकट्याला. माझी गिरणी तरी वाचेल."

वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाजाराच्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई दूध डेअरीत येत. गायी-म्हशींची रांग असायची. त्या रांगेत वहिनी डांबऱ्याला घेऊन आणि मुठीत ते दळलेलं पीठ कागदात बांधून उभ्या राहिल्या. पुढे म्हैस, मागे म्हैस. डांबऱ्या दोघींशीही अदबीने वागत होता.

डॉक्टरीणबाईंनी डांबऱ्याचे केस बोटांनी विंचरून पाहिले, कानात पाहिलं, कातडी खरवडून काचेवर घेतली. मग पुडी उघडली.

"हे काय?"

"कुत्र्याचं खाणं. आम्ही दळून बघितलं."

बाई हसायच्या थांबेनात. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दळायला कशाला हवं होतं, वहिनी? लिहिलेलं असतं ना! पिशवीची पुढची बाजू बघायचीच नाही. पुढे कुत्र्याचं चित्र असतं, मागे कुत्र्याचं जेवण असतं. मागे बारीक अक्षरात जे पहिलं लिहिलंय ते सगळ्यात जास्त. पहिलं मांस, मासे, अंडी असलं काही दिसलं तर पुढे वाचा. पहिलंच धान्य दिसलं की पिशवी खाली ठेवा."

"पण ते मांसवालं महाग असेल ना?"

"काही असतं, सगळंच नसतं. चकचकीत डबा आणि परदेशी नाव, त्याचे पैसे कुत्र्याच्या पोटात थोडेच जातात? साध्या पिशवीतलं चांगलं खाणं मिळतं. फक्त उघड्या पोत्यातलं घेऊ नका, त्यातलं तेल खवट होतं. आणि निम्मं घरी शिजवा. भात, अंडं, खाटकाकडचं थोडं काळीज, गाजर, भोपळा. मीठ, मसाला, कांदा, लसूण अजिबात नाही. हाडांसाठी पावडर मी देते. जुन्यातून नव्यावर हळूहळू आणा, एकदम नाही."

वहिनी कानात प्राण आणून ऐकत होत्या.

"आणि मुख्य गोष्ट. याला किडे नाहीत, खरूज नाही. मला वाटतं, याला गहू सोसत नाही. खात्री करायची तर दोन महिने गव्हाचा कणही याच्या तोंडात जाता कामा नये. एक कणही."

वहिनींनी पुडी घाईघाईने मिटली.

"बाई," त्या म्हणाल्या, "माझी गिरणी आहे."

डॉक्टरीणबाईंनी डांबऱ्याकडे पुन्हा पाहिलं. काळा कुत्रा, पण नाक पांढरं, मिशा पांढऱ्या, चारही पंजे पांढरे. सकाळी निघताना तो गिरणीत लोळून आला होता आणि आता आपला पंजा आवडीने चाटत होता.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. मागच्या म्हशीनेही त्याच वेळी तोंड उघडलं.

त्या दिवशी वहिनी घरी आल्या त्या वाऱ्यासारख्या. कंबर कसणं काय असतं ते गावाने पाहिलं. गिरणीच्या दाराला गुडघ्याएवढी फळी ठोकली. डांबऱ्याने आत यायचं नाही. ओटा दिवसातून दोनदा धुवायचा. डांबऱ्याचे पंजे ओल्या फडक्याने पुसायचे. दादांनी गिरणीतून बाहेर पडताना कपडे झटकायचे.

"मी?" दादा म्हणाले. "आयुष्यात कधी झटकले नाहीत."

"दिसतंय ते," वहिनी म्हणाल्या.

डांबऱ्या फळीपलीकडे हनुवटी टेकून बसायचा आणि आत दादांकडे असा बघायचा, जणू त्याला घराबाहेर काढलंय. दादा त्याच्याकडे पाठ करून दळायचे.

आता प्रश्न होता चांगल्या पोत्याचा. वहिनींनी फोनवर शोधशोध शोधलं आणि एक साधं, कोणत्याही उड्या न मारणारं पोतं सापडलं. मागच्या बाजूला पहिलं मासे, मग तांदूळ. गव्हाचं नाव नाही. लहान पिशवी घ्यावी तर दर चढा, मोठं पोतं घ्यावं तर दर परवडणारा, पण ते संपवायला डांबऱ्याला पाच-सहा महिने लागले असते आणि या उन्हात ते दुसऱ्या महिन्यातच खवटलं असतं. शिवाय फाट्याच्या अलीकडे आणणार कोण?

वहिनी खाटेवर बसल्या आणि बोटांवर कुत्री मोजू लागल्या. मावशींची दोन. दूधवाल्याचं एक. मास्तरीणबाईंचं लाडावलेलं, बुटकं एक. डांबऱ्या. पाच तोंडं झाली की पोतं महिन्यात संपतंय! त्या उठल्याच. संध्याकाळपर्यंत सगळ्यांशी बोलणं झालं. मास्तरीणबाई पावावरून अजून घुश्शात होत्या, पण त्यांच्या कुत्र्याची ढेरी जमिनीला लागत होती आणि त्याचंही काहीतरी करायला हवंच होतं.

मग वहिनी थेट सवलतशेठकडे.

"शेठ, हे पोतं मागवायचं. दर महिन्याला एक, नक्की. पाच कुत्री झालीत. तुमचा माल येतो त्याच गाडीतून. पण अट आहे. पोतं बंद यायला हवं, तारीख आम्ही बघणार, फोडायचं आमच्या समोर, आमच्या गिरणीच्या काट्यावर."

शेठने फोटो पाहिला, डोकं खाजवलं. "माझ्याकडचं काय वाईट होतं?"

"तुमच्याकडचं आम्ही दळून बघितलंय."

शेठने काउंटरवरची वजनं सरळ केली. ती गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "सहा कुत्री धरा."

"सहावं कोणाचं?"

"आहे एक गिऱ्हाईक." शेठच्या मागे गादीवर त्याचा स्वतःचा कुत्रा पडला होता आणि कान खाजवत होता. वहिनींनी त्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि उदार मनाने काही बोलल्या नाहीत.

पोतं आलं त्या दिवशी गिरणीपुढे जत्रा जमली. सहा कुत्री, सहा घट्ट झाकणाचे डबे आणि त्याच्या तिप्पट माणसं, त्यातल्या निम्म्यांकडे कुत्रंच नव्हतं. वहिनींनी पोतं उलटं करून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "पहिलं काय?" त्यांनी विचारलं. "मासे!" अख्खा घोळका ओरडला. पोतं फुटलं. दादा काट्याशी उभे राहून तोलून देत होते आणि कोणाच्या डब्यात दाणाभरही कमी-जास्त जाऊ देत नव्हते. पेन्शनर आजोबांनी एक दाणा खाऊन पाहिला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

वहिनींना इतका आनंद झाला होता की त्यांना रडू येईल की काय असं वाटलं. या गावात बसून, या रस्त्याच्या टोकाला, आपण हे जमवलं!

आणि डांबऱ्या सुधारला. सकाळी वहिनी त्याच्यासाठी बिनमिठाचा भात, अंडं, गाजर शिजवायच्या, संध्याकाळी डब्यातलं माप. आधी खाजवणं कमी झालं. मग अंगावर मूठभर मांस चढलं. मग एका सकाळी वहिनींनी शेपटीपाशी हात फिरवला तर हाताला बारीक, मऊ लव लागली. त्या अशा किंचाळल्या की मावशींच्या कोंबड्या खुराड्यात उडाल्या.

"केस! अहो, केस!"

दादा फळीशी आले, वाकून पाहिलं. "हं," म्हणाले आणि आत गेले. गिरणी काही त्यांनी लगेच सुरू केली नाही.

पण एक घोडं अडलंच. कान लालच राहिले आणि पंजे चावणं थांबेना. पाठ बरी होत होती, पण केस एका जागी येऊन थांबले होते. कुठून तरी गहू त्याच्या पोटात जात होता. फोन आला तेव्हा धाकटा म्हणाला, "शेवटचा पट्टा राहिलाय, वहिनी. मग निघतो." वहिनींनी फोन ठेवला आणि पदर खोचला.

त्यांनी सगळ्या गावाची उलटतपासणी घेतली. दळणाला आलेल्या प्रत्येकाला दारात थांबवून विचारायच्या, "तुम्ही त्याला बिस्किट दिलंत? खरं सांगा." मावशींच्या अंगणात जाऊन त्यांच्या कुत्र्यांच्या ताटल्या हुंगून आल्या. मास्तरीणबाई पुन्हा रुसल्या. दूधवाल्याने शपथ घेतली. वहिनी दिवसभर डोळ्यांत तेल घालून डांबऱ्याच्या मागे फिरत होत्या आणि डांबऱ्याला वाटत होतं, आपल्या घरात काहीतरी मोठा खेळ चाललाय.

आणि मग एका दुपारी जेवताना वहिनी मीठ आणायला उठल्या, आणि मीठ ताटातच आहे हे आठवून मधूनच परत फिरल्या.

दादांचा उजवा हात ताटात होता. डावा हात टेबलाखाली होता. टेबलाखालून चपचप आवाज येत होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"दादा!" वहिनी ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला दादा म्हटलं होतं, इतक्या त्या बिथरल्या होत्या.

दादांनी हात वर काढला. पावाचा उरलेला तुकडा अजून बोटांत होता.

"एकच घास," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज." मग खरेपणाने म्हणाले, "दोन्ही वेळेला."

"कधीपासून?"

"तो आला तेव्हापासून."

"आणि तोंडाने म्हणताय, कुत्र्याला कसले चोचले! नेऊ दे म्हणताय!"

"म्हणतो मी," दादा ताटाकडे बघत म्हणाले. "पण तो येऊन गुडघ्यावर हनुवटी ठेवतो आणि असा बघतो. तू तेव्हा माझ्याकडे बघत असतेस म्हणून तुला माहीत नाही. त्याला दिल्याशिवाय घास खाली उतरत नाही."

वहिनी खुर्चीत बसल्या. रागवावं की काय करावं त्यांना कळेना. शेवटी त्या इतकंच म्हणाल्या, "तुमच्या या घासापायी जाईल हो तो."

दादा पुढे जेवलेच नाहीत. ताट सारून गिरणीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "पोट जड वाटतंय. मला भात कर."

वहिनींना वाटलं, रुसले. दादा आणि भात! स्वतः दळलेल्या पिठाचा, घरच्या भट्टीतला पाव सोडून दुसरं काही म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं उभ्या जन्मात म्हणत आलेला माणूस. पण रुसव्याला औषध नसतं आणि वहिनींकडे वेळही नव्हता. डांबऱ्यासाठी भात शिजतच होता, त्यात आणखी दोन मुठी टाकल्या. दादांच्या वाटणीला वेगळं मीठ. दुसऱ्या दिवशीही भात. तिसऱ्याही. "डॉक्टरकडे जाऊन या," वहिनी म्हणाल्या. "बघू," दादा म्हणाले. विहिरीपाशी जाऊन ते आता कपडे इतके झटकायचे की त्यांच्या अंगाचा मूळ रंग पहिल्यांदाच गावाला कळला. वहिनींनी ते पाहिलं, पण त्यांचं सगळं लक्ष डांबऱ्याच्या कानांकडे होतं, कारण कानांची लाली उतरत होती.

धाकटा आला तो न कळवता. दुपारची वेळ, मोटरसायकल खड्ड्यांतून उडत आली. तिचा आवाज फाट्यापाशी आला असेल नसेल, तोच डांबऱ्या अंगणातून सुटला. काळाभोर, चकाकता, कान मागे पडलेले. वाटेत मावशींची एक कोंबडी आडवी आली, तिच्यावरून त्याने उडी घेतली. सवलतशेठच्या जुन्या पोत्यावरच्या कुत्र्याने त्याला पाहिलं असतं तर लाजून मान खाली घातली असती.

धाकट्याने गाडी टाकली आणि तो रस्त्यातच बसला. डांबऱ्या त्याच्या अंगावर, खांद्यावर, डोक्यावर. वहिनी धावत आल्या, मागून मावशी, मागून अर्धं गाव. धाकट्याने डांबऱ्याच्या पाठीवरून तळहात फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत, रस्ता तपासतात तसा.

"एक खड्डा नाही!" तो म्हणाला. "वहिनी, एक खड्डा नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेन्शनर आजोबा म्हणाले, "मासे पहिले!"

वहिनींना जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं टिकलं अंगणापर्यंत. धाकट्याने गाडीवरची पिशवी सोडली आणि तिच्यातून एक नवा कोरा चामड्याचा पट्टा काढला.

"खरं सांगू, वहिनी?" तो खाली बघत म्हणाला. "मी शब्द दिला होता, माहितेय. बरा झाला तर तुमच्याकडेच, म्हणालो होतो. पण शहरात खोली मिळालीय मला. कुत्रं चालतं तिथे. समोर मोठं मैदान आहे. संध्याकाळी येतो तर खोलीत कोणीच नसतं. आणि याला असा बघितला, आणि..." तो पट्टा बोटांभोवती गुंडाळू लागला.

वहिनींनी पट्ट्याकडे पाहिलं. कुत्रा त्याचा होता. खडीमागून त्याने उचललेला. ज्याचं त्याला द्यायचं, एवढं त्यांना कळत होतं, पण त्यांना तिथेच भोकाड पसरावंसं वाटत होतं. "आधी जेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हात धुवा."

टेबलावर ताटं मांडली. धाकट्यासाठी वहिनींनी ताजा पाव काढला, वरून वाफ येत होती. दादांपुढे भात ठेवला. दादांनी तो कालवायला घेतला.

"दादा, तू भात?" धाकटा हसायला लागला. "आजारी आहेस की काय?"

"नाही."

"मग? बाबांनी एकदा तुला भात वाढला होता तर तू ताट परत केलं होतंस! गिरणीवाल्याच्या घरात भात, म्हणाला होतास."

डांबऱ्या टेबलाखाली शिरला आणि त्याने दादांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. दादांनी ताटाच्या कडेला वेगळा ठेवलेला, बिनमिठाचा, बिनकालवलेला भाताचा घास उचलला आणि खाली धरला. चोरून नाही. सगळ्यांदेखत.

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला.

"त्याला दिल्याशिवाय मला जेवण जात नाही," दादा भाताला सांगावं तसं म्हणाले. "आणि त्याला पाव चालत नाही. मग दोघांपैकी कोणीतरी पाव सोडायला हवा होता. त्याला काय समजावणार?"

वहिनींना आपण त्या भातात रुसवा समजून टाकलेल्या दोन मुठी आठवल्या आणि त्यांनी पदराने नाक पुसलं.

डांबऱ्या दादांचा घास संपवून धाकट्याकडे वळला. त्याच्याही गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि वर पाहिलं. धाकट्याच्या हातात पावाचा गरम तुकडा होता. हात आपोआप खाली निघाला.

"पाव नको!" दादा आणि वहिनी एकदम ओरडले.

धाकट्याने हात वर घेतला. पावाकडे पाहिलं, डांबऱ्याकडे पाहिलं, भाताच्या ताटामागे बसलेल्या आपल्या भावाकडे पाहिलं. मग त्याने तुकडा ताटात ठेवून ताट बाजूला सरकवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मलाही भातच वाढा."

दोन दिवस राहून धाकटा गेला, एकटाच. आता दर सुट्टीला येतो आणि त्याच्या शहरातल्या खोलीत म्हणे एक मांजर येऊन राहिलंय. त्याला काय खायला घालायचं ते विचारायला तो वहिनींना रोज फोन करतो. तो पट्टा गिरणीच्या दाराशी खिळ्यावर लटकलाय. इतकं पीठ बसलंय त्याच्यावर की चामडं दिसत नाही. तो झटकून ठेवा, असं वहिनींनी पुष्कळदा सांगितलं. पण पीठ लागलेला पट्टा डांबऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, असं दादा म्हणतात आणि तो आहे तिथेच राहू देतात.